ठासणीच्या बंदुकीचं हरीण

बाबा, मी हरीण मारलं. तुमच्याकडे होती तशाच ठासणीच्या बंदुकीनं, आणि तेही इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट गावाच्या मागच्या डोंगरात. तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे मी आता आले आहे, आणि इतक्या वर्षांत ही पहिलीच बातमी असेल जी खरं तर तुम्हालाच सांगायची होती. नवऱ्याला सांगून झाली. तो म्हणाला, "बरं झालं, आता आंघोळ कर."

सुरुवात शेजारच्या म्हाताऱ्यापासून झाली. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला, एकटा, गुडघे कामातून गेलेले, पण दर वर्षी हरणांच्या मागे रानात जायचं काही सोडत नाही. मी हॉस्पिटलातून ड्यूटी करून आले की कुंपणावरून "किया ओरा, नर्स" अशी हाक मारतो आणि फुकटात बीपी बघून घेतो. एका दुपारी तो गॅरेजच्या दारात बंदूक पुसत बसला होता. लांब नळी, नळीखाली अडकवलेला गज, घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचं ते बोंडूक. माझ्या हातात भाजीच्या पिशव्या होत्या, त्या तिथेच खाली ठेवल्या. "अरे, ही तर ठासणीची!" मी चक्क मराठीत ओरडले. मग त्याला सांगितलं, आमच्या कोकणातल्या घरी अशीच होती, पिकाच्या राखणीसाठी, परवान्याची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची आणि रानडुकरांना ते बरोबर कळायचं, हे ऐकून तो इतका हसला की मलाच त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. खोकला थांबल्यावर म्हणाला, "यू शुड कम, लव्ह. तुझ्याकडे लायसन्स नसलं तरी मी शेजारी उभा असलो की चालतं."

घरी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "दर रविवारी आपण पंचशील म्हणतो, आणि तू हरीण मारायला निघालीस?" आईनेही तुम्हाला हेच विचारलं होतं, चुलीपुढे भाकऱ्या थापता थापता. तुम्ही म्हणाला होतात, "राखण करतो मी, हौस नाय करीत." नवऱ्याला तेच ऐकवायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि गप्प झाले. शब्द सगळे आठवत होते, बाबा, पण आवाज आठवत नव्हता. तो जाडा होता की बारीक, तुम्ही भरभर बोलायचात की सावकाश, काहीच नाही. तुमचा एक फोटो आहे, तोही बंदुकीच्या परवान्यासाठी काढलेला, आणि आवाज तर कुणी कुठे साठवून ठेवलेला नाही. त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. पेशंटची शीर शोधताना, ट्रेनची वाट बघताना, कोपऱ्यावरच्या दुकानात, इथे त्याला डेअरी म्हणतात, दूध घेताना मी मनातल्या मनात तुम्हाला बोलायला लावत होते आणि प्रत्येक वेळी माझ्याच आवाजात ऐकत होते. तुमची आठवण मला नेहमीच येते, पण जत्रेत पोराचे आईबाप हरवतात तसे तुम्ही दुसऱ्यांदा हरवलात असं तेव्हा वाटलं. म्हणून मी गेले. हरणाचं मला काय पडलं होतं? वाटलं, बंदुकीच्या दारूचा तो वास एकदा नाकात गेला की मागोमाग तुमचा आवाज येईल.

एप्रिल महिना. इथे तेव्हा पानगळीचे दिवस असतात आणि नर डोंगरभर हंबरत फिरतात. आम्ही दोघं भडक नारिंगी जॅकेटं घालून ओल्या झाडीतून वर चढलो. एक घळ संपून मोकळं गवत लागतं तिथे म्हातारा थांबला आणि मला बंदूक भरायला शिकवू लागला. एरवी बोलतो त्याच्या दुप्पट बोलत होता. "पावडर आधी, सगळी. मग ही चिंधी, वर गोळी. मग गज, सरळ धरायचा, डियर. हळू, हळू, हीप्स ऑफ टाइम, घाई नाही." अर्धी दारू ओतून झाल्यावर मी हात थांबवला आणि म्हटलं, "प्लीज, बोलू नकोस." तो बिचारा गोंधळला. मग मी नळी उलटी करून ती ओतलेली दारू परत काढून टाकली. हे माझ्या हातांनी केलं, मी नाही.

कारण आपल्या पडवीत तुम्ही बंदूक भरत असता तेव्हा घरात कुणी बोलत नाही. आई भांडं आपटत नाही. तुम्ही दारू ओतता, हात पुढे करता, मी काथ्या देते. मग छर्रे, मग पुन्हा काथ्या, आणि गज वर उसळेपर्यंत ठासणं. मध्येच शेजारची काकू येऊन विचारते, मीठ आहे का गो? तुम्ही तिच्यावर रागवत नाही. भरलेलं सगळं उपसून काढता आणि पहिल्यापासून सुरू करता, कारण दारू एकदा गेली की दोनदा, याची आता तुम्हाला खात्री नसते. मी शहाण्यासारखी पुन्हा काथ्या घेऊन उभी राहते.

मी पहिल्यापासून बंदूक भरली, आणि हरीण आलं ते त्यानंतर फार वेळाने. मादी होती, तांबूस, गवतात मान घालून निवांत चरत होती. म्हाताऱ्याने माझ्या कोपराला नुसता स्पर्श केला. मी घोडा ओढला, नेम धरला, आणि चाप दाबला. खांद्याला हिसका बसला आणि समोर पांढरा धूर झाला, इतका दाट की हरीण, गवत, डोंगर काही दिसेना. आणि बाबा, तो वास! सडक्या अंड्यासारखा, तिखट, तुम्ही पडवीत नळी साफ करायला बसलात की यायचा तोच. मी डोळे मिटून कान टवकारले. आता बोलाल, आता बोलाल. तुम्ही बोलला नाहीत. धूर विरत गेला, हरीण जागच्या जागी आडवं पडलेलं दिसलं, म्हातारा "गुड ऑन यू" म्हणाला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही बोलाल कसे? या वासात तुम्ही कधी बोललाच नव्हतात. रानात मला कधी नेलं नाहीत आणि घरात बंदूक हातात असेपर्यंत तुम्ही गप्प असायचात. तुमचा आवाज शोधत मी नेमकी तिथेच आले होते जिथे तो कधी नव्हता. मी ओक्साबोक्शी रडले. म्हाताऱ्याला वाटलं हरणासाठी रडते आहे. त्याने टोपी काढली आणि शेजारी उभा राहिला.

मांस काही दिवस थंड जागी टांगलं आणि मग त्याच्या गॅरेजमध्ये कापायला बसलो. "फिफ्टी-फिफ्टी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्यात असं नसतं. आजोबा दुसऱ्यांच्या शिकारीत रान उठवायला जायचे आणि वाट्याला सगळ्यात शेवटी उभे राहायचे, हाडं आणि आतडी घ्यायला. म्हणून तुमच्या हातात बंदूक आल्यावर तुम्ही आपल्या बौद्धवाडीत सगळ्या घरांचे सारखे वाटे घालायचात आणि कुठला वाटा कुणाचा हे स्वतः ठरवायचा नाहीत. कुणाला तरी पाठमोरं उभं करायचं, वाट्यावर हात ठेवून विचारायचं, आणि त्या माणसाच्या तोंडी येईल त्या घराचा तो. म्हाताऱ्याला हे फार आवडलं. "स्वीट अॅज," म्हणजे झकास, म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी ताडपत्रीवर वाटे मांडले, पहिल्यावर हात ठेवला आणि तोंडातून आपोआप गेलं, "ह्यो कोनाचा?"

मी दचकले. असं मी कधी बोलत नाही, मुंबईत शिकायला गेले तेव्हाच ते बोलणं सुटलं. पण मागे अंगणातून तुम्ही विचारत होतात आणि मी फणसाकडे तोंड करून उभी होते, पाठीवर तुमचा आवाज, किंचित घोगरा, "कोनाचा" म्हणताना शेवटी वर चढणारा, हात रक्ताळलेले असूनही इतका आनंदी. "डेअरीवाल्याचा!" म्हातारा ओरडला. पुढचा वाटा. ह्यो कोनाचा? "तुझ्या नवऱ्याचा, आंघोळ केली असेल तर!" नवऱ्याचं ते आंघोळीचं वाक्य मी त्याला सांगितलं होतं. मी हसत होते, रडत होते आणि विचारत होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगते. वाटे संपले होते, बाबा. मी रिकाम्या ताडपत्रीवर हात ठेवला आणि पुन्हा विचारलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तो भला माणूस अजून कोण राहिलं याचा मनापासून विचार करू लागला.