भावोजींच्या मशीनला लागलेली उचकी

ती. वन्संना वाकून नमस्कार.

आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा, आणि खरं कळवा. फोनवर विचारलं की तुम्ही "बरा आहे" म्हणता, आणि मागून तुमची लेक ओरडते की आई काल जिन्यात मध्येच बसून राहिली होती. (तिला रागावू नका. तिने नाही सांगितलं तर आम्हाला सांगणार कोण?) इकडे आम्ही दोघं ठणठणीत. माझं ब्लडप्रेशर ताब्यात आहे, तुमच्या बंधूंची भूक उत्तम आहे आणि झोप तर अशी की घोरणं तुमच्यापर्यंत पोचत असेल. या घरात आजारी आहे ते फक्त भावोजींचं गवत कापायचं मशीन.

आता तुम्ही म्हणाल, मागच्याच फोनवर तर भावाने सांगितलं की मशीन एकदम झकास चाललंय. वन्सं, ते धडधडीत खोटं होतं. भावोजी गेल्यावर तुम्ही घर आवरून लेकीकडे राहायला गेलात आणि ते मशीन स्वतः पुसून आमच्या गाडीत चढवलंत. तेव्हापासून तुमचा फोन आला की पहिली चौकशी मशीनची, मग आमची (मला त्याचं वाईट वाटत नाही, सवय झाली). त्यामुळे ते बिघडलंय हे तुम्हाला सांगायला यांची जीभच उचलत नाही. "लोणी आहे लोणी," असं म्हणून फोन ठेवतात आणि पाना घेऊन मागच्या शेडमध्ये जातात. म्हणून हे पत्र मी यांच्या नकळत लिहितेय.

आजाराची लक्षणं अशी. दोरी ओढली की मशीन सुरू होतं, छान धडधडतं, आपल्याला वाटतं की आज गाडी रुळावर आली. तेवढ्यात त्याला दम लागतो. आवाज खाली खाली जातो, आता बंद पडणार म्हणून आपण श्वास रोखावा तर एकदम वर चढतो, पुन्हा खाली. उचकी लागल्यासारखं. चोक ओढून धरला तर शहाण्यासारखं वागतं, चोक सोडला की पुन्हा उचकी सुरू. गवत कापलं जातं पण कुठे कमी, कुठे जास्त. अंगणाकडे पाहिलं तर न्हावी अर्धं डोकं भादरून जेवायला गेलाय असं वाटतं.

पहिला संशय प्लगवर आला. प्लग काढला तर काळाकुट्ट. यांनी तो जुन्या टूथब्रशने घासून लख्ख केला. (जुना टूथब्रश म्हणजे माझा. यांच्या मते तो जुना होता. माझ्या मते त्या रात्री मला दात घासायचे होते.) उचकी कायम. मग एअर फिल्टरचा स्पंज काढून माझ्या शांपूने धुतला आणि वाळत घातला, तोही माझ्या दोन ब्लाउजांच्या मध्ये, अगदी रस्त्यावरून दिसेल असा. उचकी कायम. त्यानंतर कुंपणापलीकडून शेजारचे निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी जन्मात असलं मशीन वापरलेलं नाही, पण सल्ला द्यायला काही लागतं थोडंच? पातं एका बाजूला जड झालंय असं त्यांनी छातीठोक सांगितलं. झालं! पात्याचा तोल बघायचा म्हणून आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकला आणि ते पातं त्यावर टांगून दोघं विद्वान त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसले. मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्याखालून वाकून जात होते. पात्याचा तोल अगदी बरोबर निघाला. माझा सुटायला आला होता. भिंतीचा पोपडा निघालाय, तिथे सध्या कॅलेंडर लावलंय.

शेवटी कार्बोरेटर. तो माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून उघडला गेला. त्यात एक पितळेचा इवलासा तुकडा असतो, त्याला केसाएवढं भोक, त्यातून पेट्रोल आत जातं. ते भोक चोंदलं होतं. यांनी वायरीची एक बारीक तार घालून ते साफ केलं, सगळं जोडलं, दोरी ओढली, आणि वन्सं, काय सांगू! मशीन असं चाललं की हे अंगणातून माझ्याकडे बघून हसले. एक पट्टा कापून होईपर्यंत हसत होते. दुसऱ्या पट्ट्याला उचकी लागली. मग पुन्हा कार्बोरेटर टेबलावर, पुन्हा तार, पुन्हा एक पट्टा. हे इतक्या वेळा झालं की आता कार्बोरेटर नसला तर मला टेबल ओकंबोकं वाटतं. स्कूटरचा गॅरेजवालाही म्हणाला, ठेवून जा, बघतो. यांनी ठेवलं, कोपऱ्यापर्यंत आले आणि परत जाऊन घेऊन आले. तिथे ते दारात, उन्हात ठेवणार होता म्हणे.

माझ्या लक्षात एक गोष्ट जरा उशिराच आली. कार्बोरेटर उघडायच्या आधी हे टाकीतलं पेट्रोल एका पातेल्यात काढत, माझ्या मलमलच्या फडक्याने गाळत, आणि काम झालं की तेच परत टाकीत ओतत. मला वाटलं, चिकटपणा. या घरात उरलेलं काही टाकायचं नाही हे सासूबाईंनी तुम्हा दोघांच्या अंगात इतकं भिनवलंय की साबणाच्या चिपा चिकटवून त्याची नवी वडी करणारा नवरा मी वर्षानुवर्षं सांभाळतेय. पण परवा ते फडकं धुवायला घेतलं तर त्याला पेट्रोलचा वासच नाही. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास, आणि बोटांना चिकट. फडताळात मागे राहून गेलेली तेलाची बाटली जिने कधी घासलीय तिला हे वेगळं सांगावं लागत नाही. मी जाऊन म्हटलं, अहो, पेट्रोल नासलंय. तेच त्या भोकात जाऊन बसतंय आणि तुम्ही तेच गाळून पुन्हा पाजताय.

एरवी मी यंत्राबद्दल बोलले की हे वाद घालतात. त्या दिवशी घातला नाही. कॅनचं झाकण लावत म्हणाले, "हे भावोजींनी भरलेलं आहे गं."

वन्सं, मशीनबरोबर तुम्ही दिलेला तो लाल कॅन. भावोजींनी हंगाम सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन भरून आणला होता आणि मग त्यांना तो वापरायला मिळालाच नाही. तेच पेट्रोल हे थोडं थोडं पुरवून वापरत होते. नासलंय हे यांना दुसऱ्यांदा कार्बोरेटर उघडला तेव्हाच कळलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं आणि चहा टाकला.

तर आता घोडं असं अडलंय. हे ते पेट्रोल टाकत नाहीत आणि ते पेट्रोल असेपर्यंत मशीन चालत नाही. याचा निकाल तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. भावोजी दुरुस्ती करत तेव्हा पाने हातात द्यायला तुम्हीच असायचात, आणि हे सांगतात की ताईला नुसत्या आवाजावरून कळायचं मशीन कुठे दुखतंय ते. दर वेळी बोलावलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "काही काम असेल तर येईन, नुसतं बसून खायला कशाला येऊ?" आता काम निघालंय. चांगलं अवजड, तेलकट काम आहे. पाहुणचार म्हणून नव्हे, कामासाठी या. लेकीला व नातवंडांना आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला माझा सक्त दम.

तुमची भावजय

ता. क. पत्र लिहून झाल्यावर मला राहवेना. आज सकाळी यांना बाजारात पिटाळलं. तो लाल कॅन आहे तसा घट्ट बंद करून शेडमध्ये वरच्या फळीवर ठेवला, एक थेंबही टाकला नाही. टाकीतलं पेट्रोलही त्यातच ओतलं. ते भोक तार घालून साफ केलं (इतक्या वेळा बघितल्यावर मांजरालाही जमलं असतं) आणि हेडमास्तरांच्या स्कूटरमधलं ताजं पेट्रोल घातलं. पहिल्या ओढीत सुरू! पट्ट्यावर पट्टा कापला, उचकीचं नाव नाही. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. हे यायच्या आत मी बंद करून झाकून ठेवलं. म्हणजे खरं सांगायचं तर काम काही उरलेलं नाही. तरी पत्र फाडत नाहीये. वन्सं, तुम्ही नुसतं बसायलाच या. मागची खोली आवरलीय, पायरी एकही नाही. तुम्ही नुसत्या बसलेल्या आम्हाला हव्या आहात. आणि आलात की राहा.

ता. क. २. मशीन दुरुस्त झाल्याचं यांना सांगू नका. तुम्ही आलात की तुमच्या हातून झालं असं दाखवू.

ता. क. ३. ताई, हिने पाकीट चिकटवून टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. मी किटलीच्या वाफेवर उघडलं. (हिला कळवू नकोस.) मशीन दुरुस्त झालंय हे मला फाटकातून आत आल्या आल्या कळलं होतं, अर्धं अंगण एकसारखं कापलेलं होतं. हेडमास्तरांच्या पोटातही काही राहिलं नाही. तेव्हा मी आत्ताच जाऊन मशीनचा प्लग काढलाय. तो माझ्या खिशात आहे आणि तू आल्याशिवाय बाहेर निघणार नाही. मशीन पूर्ण बंद आहे. काम आहे, ताई. ये.