आडोशाची मागणी

प्रिय जाऊबाई,

सप्रेम जयभीम. तू जिवंत असताना तुला ‘तुम्ही’च म्हणत आले, आज ‘तू’ म्हणते. रागावू नकोस.

उद्या मंगरूळपीरला युनियनची बैठक आहे. बायांच्या मागण्या लिहून आणायचं काम माझ्याकडे आलं. कागद समोर घेतला आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय पुढे लिहवेना.

किती आठवण येते गं तुझी! माझी करपलेली भाकर वाढताना म्हणायचीस, ‘सातवी पासवालीच्या हातची हाये, गुमान खा, नाई त अर्ज करन!’ आता घरात मला चिडवणारं कुणीच नाही.

त्या दुष्काळात रिठदच्या रस्त्यावर आपण खडी फोडत होतो. तेव्हाही मागण्या मीच लिहिल्या. तू कानाशी येऊन म्हणालीस, ‘पयले आडोशाचं लिही. मोकळ्या माळावर बाईमानसानं जावं कोठी?’

मी लाजले. कागद सगळ्या बाप्यांसमोर मोठ्यानं वाचला जाणार! पाणी लिहिलं, सावली लिहिली, लेकरांसाठी पाळणाघर लिहिलं. आडोसा गाळला. आणि तुला सांगितलं, ‘लिहिलं.’

पाण्याचा ड्रम आला. पण दिवस मावळेपर्यंत बाया घोटभरही पीत नव्हत्या. मुकादम हसला, ‘मागून घेतलं, आता पेत काहून नाई?’

‘पेलं का मंग बसाव कोठी, तुह्या डोक्यावर?’ तू त्याला सुनावलंस. मग माझ्याकडे पाहून बायांना म्हणालीस, ‘धीर धरा वं. आडोसाबी येईन. सुमननं लिहेल हाये.’

चौथ्या दिवशी तू खडीवरच कोसळलीस. भरलेला ड्रम दहा पावलांवर होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

खरं सांग, मी लिहिलं नाही हे तुला कळलं होतं का? कळूनही मला पाठीशी घातलंस का? मग एक थोबाडीत तरी द्यायची होतीस!

उद्या आडोसा पहिल्या ओळीत असेल. कागद मी कुणाच्या हाती देणार नाही. उभी राहून स्वतः वाचेन आणि तू कशानं गेलीस तेही सांगेन. भाऊजी, तुझे मालक, समोरच बसलेले असतील. त्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुझी धाकटी,
सुमन