लटारूभाऊंचे डोळे

गडचांदूर,
२० ऑगस्ट २००१

आदरणीय जलालुद्दीन मामूंना अजीमचा सलाम.

मुमानींची कंबर आता कशी आहे? (पत्र उर्दूत लिहिणार होतो, पण मागचं तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं होतं.) मी खुशाल आहे, म्हणजे जेवतो, ड्यूटीवर जातो, झोपेचं मात्र खरं नाही.

सिमेंटच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर नेमकं काय करतो, असं तुम्ही ईदला विचारलं होतं आणि मी शिरखुर्म्याकडं वळलो होतो. आता सांगतो. खाणीच्या वजनकाट्यावर एक प्रोग्राम आहे, ऑफिसात दुसरा. दोघांच्या भाषा वेगळ्या, म्हणून मध्ये कोर्बा नावाचा दुभाष्या बसवलाय. काट्याला ऑफिसातली ट्रकनोंद गाठायची तर तिचा संदर्भ लागतो: 'आयओआर' या अक्षरांनी सुरू होणारी, तीनशेच्या वर आकडे-अक्षरांची एकच ओळ. कोणतं मशीन, त्याचा कोणता दरवाजा, आत कोणती वस्तू, सगळं तिच्यात भरलेलं. माणसाला वाचून मात्र काही कळत नाही.

ही ओळ फ्लॉपीवर पाठवायची, तर खाणीवरच्या फ्लॉपीच्या फटीत चुनखडीची भुकटी. मग फोनवर सांगितली. तिकडं लिहून घेणारे लटारूभाऊ, काट्यावर बावीस वर्षं काढलेले. 'बी' म्हटलं की विचारत, "बकरीचा का?" 'डी' म्हटलं की, "डब्याचा ना?" दीड तास गेला. मग त्यांनी एका बोटानं ती टाइप केली आणि पहिल्याच फटक्यात वजन ऑफिसात उमटलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना चहा पाजला.

पंधरा दिवसांनी मी ऑफिसचा प्रोग्राम नव्या मशीनवर हलवला आणि जुनं बंद केलं. (जलद चालेल म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं.) सकाळी काटा मुका. ट्रकांची रांग कोरपना रोडपर्यंत. मॅनेजरसाहेबांनी चूक कुठं झाली विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "खाणीवर एखादं अक्षर चुकलं असेल." पंधरा दिवस बरोबर चाललेली ओळ अचानक कशी चुकेल, हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. लटारूभाऊंनी मात्र ती पुन्हा तीनदा टाइप केली, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

दुपारी डबा खाताना उमगलं: ओळीत पत्ता जुन्या मशीनचाच होता. त्यांचं एकही अक्षर चुकलं नव्हतं. मी डंपरमध्ये बसून खाणीवर गेलो, नवी ओळ स्वतः टाइप केली, काटा बोलू लागला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि लटारूभाऊंना काट्यावरून काढून फाटकावर झेंडी दाखवायला उभं केलं. मी तोंड उघडलं होतं, मामू, खरंच. पण साहेब तोवर जीपमध्ये बसले.

काल फाटकावर उलट लटारूभाऊच मला म्हणाले, "अजीमभाऊ, तुमी काऊन मनाले लावून घेता? माह्या डोळ्याचंच काही झालं असन. माह्यापायी तुमाले बोलणी खा लागली." मला कोणी बोललंच नव्हतं. मी मान हलवली आणि सायकल पुढं काढली.

मुमानींना सलाम, तहसीनला दुआ.

तुमचा भाचा,
अजीम

ता.क. साहेबांना खरं सांगणारा अर्ज लिहून ठेवलाय. उद्या देतो. (परवाही उद्याच देणार होतो.)

ता.क. २: मुख्य राहिलंच. लटारूभाऊ रविवारी चंद्रपूरला तुमच्या दुकानात चष्मा करायला येतील. दुकान मीच सुचवलं. त्यांना चष्मा देऊ नका, डोळे चांगले आहेत. मग चूक कोणाची, ते माझ्याऐवजी तुम्ही सांगा. नाही जमलं, तर हे पत्रच त्यांच्या हाती द्या. त्यांना वाचता येईल.