कोणीच नसलेलं चित्र

उत्तन, ३ मार्च १९७२

ती. नाथादादास,
शालूचा नमस्कार.

रत्नागिरीला तुम्ही सगळे खुशाल असालच. आम्हीही बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बोंबील भरपूर आलेत, वाळत घालायला जागा पुरत नाही. शाळेत चौथीची परीक्षा तोंडावर आलीय आणि पोरांना अजून भागाकार येत नाही.

तू पाठवलेला आपल्या सदूचा फोटो मागेच पोचला. कळवलं नाही, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता. मोठा करून, फ्रेममध्ये बसवून पाठवलास ते ठीक. पण वर चंदनाचा हार कशाला घातलास रे? आपल्याकडे भिंतीवर फोटो कोणाचा लागतो हे तुला मी सांगायचं? आयने कागद फाडला, हार बघितला आणि म्हणाली, "जित्या पोराला भितीवं टांगतंय." त्या दिवसापासून ती तुझं नाव घेत नाही. फोटो तांदळाच्या पिंपामागे आहे.

खिळा मात्र भिंतीत होता. तो मंदाने ठोकला होता, फोटो येतोय हे कळताच, पार्सल उघडायच्या आधीच. आपल्या भावजयीच्या मनात काय आहे ते यावरून समज. दिवाळीनंतर सदूची होडी परत आली नाही, तेव्हापासून मंदा हिरव्या बांगड्या घालून बसलीय. तिचा बाप दोनदा न्यायला आला. आयने सांगितलं, सदू आल्यावर त्याला मी काय तोंड दाखवू? आणि तो खिळा दिसला की रोज मंदाला टोचून बोलायची, नवऱ्याला मारायला निघालीस म्हणून. शेवटी मलाच वीट आला.

आमच्या हेडबाई विमलाबाई, भाईंदरला राहतात, त्यांच्या बैठकीत एक चित्र आहे. मी विचारलं, हे कशाचं? म्हणाल्या, कशाचंच नाही, नुसते रंग. मला ते पटलं. ज्यात कोणी नाही असं चित्र लावलं तर कोणाला मेलं म्हणायचं? एका रविवारी एक फळी घेतली, पडवीत उरलेला रंग होता तो घेतला, निळा, पिवळा आणि तळाशी थोडा लाल, आणि फासला. मला कुठे चित्रं येतात? पोराने ओल्या हाताने पाटी पुसावी तसं झालं. शेजारची शेवंती येऊन विचारून गेली, गणपती आहे का गं? पण खिळा झाकला गेला आणि घरातली कटकट थांबली.

आय त्याच्यासमोर बसायला लागली. जेवण झालं की तिथेच. एकदा जवळ जाऊन वास घेतला आणि म्हणाली, आपल्या होरीचा रंग हाय. दादा, शप्पथ, तो सदूच्या होडीचा रंग आहे हे माझ्या डोक्यातही नव्हतं. घरात दुसरा रंगच नव्हता.

काल ती बाजारातून झेंडूचा हार घेऊन आली. स्टुलावर चढली. मी खालून स्टूल धरून म्हटलं, आय, त्यात कोणीच नाही गं.

"म्हनूनच घालतंय," ती म्हणाली. "दर्यान पन कोन न्हाय."

मग खाली उतरून तिने मंदाला पोटाशी धरलं. दोघी खूप रडल्या. मला रडता आलं नाही, अजून येत नाही. संध्याकाळी आय एवढंच म्हणाली, थोरल्याला बोलाव. नाव नाही घेतलं, पण थोरला तूच.

भटजी म्हणतात, देह नाही तर दर्भाचा करावा लागेल आणि अग्नी भावानेच द्यावा. बाकी तयारी मी करते. मंदाच्या बापाला निरोप धाडलाय, कार्य उरकलं की तिला घेऊन जा आणि पुढचं बघा. बावीस वर्षांची पोर आहे ती, दादा. आयनेच तसं सांगितलं.

रजा मिळेल तशी ये. आय बोलली नाही तरी मनाला लावून घेऊ नकोस.

आता तुझ्या एकट्याचीच बहीण,
शालू