धक्क्यावरची नळी

क्रिस्टल रिव्हर, ११ जानेवारी

चि. हार्लन यास, अ. आ. वि. वि.

रीत म्हणून आशीर्वाद लिहिला आहे, मनापासूनचा समजू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

शनिवारी सकाळी झऱ्यावर राखीव पाण्याच्या दोरीपाशी पहाऱ्याला मीच होते. गल्फच्या समुद्राचं पाणी गारठलं की मॅनटी, त्या संथ पाणगाई, झऱ्याच्या उबेला येतात, बाहेर राहिल्या तर मरतात. हेच सांगून तू पाहुण्यांना बोटीत बसवतोस ना? मग तुझी माणसं पाण्यात पाय का झाडत होती? नारिंगी चड्डीतला तो दांडगा गडी पिल्लाच्या पाठीवर हात टाकून फोटो का काढून घेत होता? पिल्लू बिचकलं आणि आई त्याला घेऊन दोरीबाहेर, गार पाण्यात निघून गेली. ही ऊब कुणाची, हार्लन? तिकीट काढून आलेल्याची, की जिला दुसरीकडे जायला जागाच नाही तिची? लोकांनी यावं, जरूर पाहावं. पाण्यावर स्वस्थ पडून राहावं, ती आपण होऊन जवळ आली तर भाग्य मानावं. एवढंही ज्याला जमत नाही त्याने काठावर बसावं.

आणि याहून वाईट ते पुढेच. परतताना पाहिलं, आपल्या आईच्या घरामागच्या धक्क्यावरून बागेची नळी पाण्यात लोंबत होती, नळ चालू, आणि तीच पिल्लाची आई, खाचेच्या शेपटीची मादी, उताणी होऊन गोडं पाणी पीत होती. बोटींच्या भर वाटेत, पंख्यांच्या पात्यांसमोर! गिऱ्हाइकांना कॉफी पिता पिता मॅनटी दिसावी म्हणून हे आमिष ना? याला मी गळ टाकणंच म्हणते.

बुधवारी तुझ्या परवान्याची सुनावणी आहे. मी उभी राहणार, आणि हात व नळी दोन्ही सांगणार.

आईला नमस्कार. ती दिवसभर एकटी असते. ओकालाच्या वृद्धाश्रमाबद्दल मी म्हटलं होतं, त्यावर तू अजून तोंड उघडलेलं नाहीस.

तुझी मोठी बहीण,
व्हर्ना

होमोसासा, १४ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

भाषण पोचलं. पत्रातसुद्धा तू व्यासपीठावरून खाली उतरत नाहीस.

त्या नारिंगी चड्डीवाल्याने हात लावला, हे खरं. मी त्याला दंडाला धरून बोटीत ओढला आणि उरलेली सकाळ टॉवेल गुंडाळून बसवून ठेवला, हेही खरं. ते तुला दिसलं नाही, कारण तू शिट्टी फुंकत होतीस. त्या दिवशी अख्ख्या झऱ्यात सगळ्यात जास्त गोंगाट तुझाच होता. पाण्यात सोडण्याआधी मी प्रत्येकाला चित्रफीत दाखवतो, हात छातीशी, पाय स्थिर. तेव्हा हा बाबा डोनट खात होता. तरी त्याला पाण्यात सोडला, ही माझी चूक. बुधवारी तसं सांगेन.

नळीबद्दल काही लिहिणार नाही. विचारू नकोस.

उभा जन्म अटलांटात काढलास. निवृत्त होऊन पिवळ्या होडीत बसलीस आणि लगेच नदीची मालकीण झालीस. तुला वाटेल ते बोल, परवाना गेला तर जाऊ दे. पण वृद्धाश्रमाचं नाव या घरात काढायचं नाही. आई ठणठणीत आहे.

रविवारी धुरावर मलेट भाजला होता. आई तुझी वाट पाहत बसली. तुझ्या वाटचा मासा शेवटी बगळ्याला घातला. तो निदान जेवताना भाषण करत नाही.

लोभ आहेच, सध्या दिसत नाही इतकंच.

हार्लन

होमोसासा, २२ जानेवारी

चि. व्हर्ना हिला आईचे आशीर्वाद, आज उलट्या हाताने.

सुनावणीचं मला शेजारच्या नदीनने कुंपणावरून सांगितलं. माझ्या पोटच्या दोघांपैकी एकानेही नाही. तू म्हणे छान बोललीस, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हार्लन उठला, नळी माझीच म्हणाला, आणि या हिवाळ्यापुरता परवाना गमावून घरी आला. मला म्हणतो, बोट दुरुस्तीला दिली आहे.

नळी माझी आहे. त्याने नळाची चावी काढून नेली, तर मी पकडीने पिळते. तो बोटीवर गेला की चालू, त्याची बोट दिसली की बंद. त्याने माझे हात धरून विनवलं की ताईला कळू देऊ नकोस. ती म्हणेल आईचं डोकं फिरलं, आणि ओकालाला नेऊन टाकेल. माझं डोकं जागेवर आहे. तुझे बाबा होते तेव्हा या नदीवर एकही धक्का नळीशिवाय नव्हता. तहानलेल्या जिवाला पाणी देणं गुन्हा कधीपासून झाला? आणि झाला असेल, तर माझ्याकडे येऊन सांगायला तुझे पाय मोडले होते का?

येणार असलीस तर ये. आश्रमाची चित्रं घेऊन येऊ नकोस.

तुझी आई,
ओपल

क्रिस्टल रिव्हर, २७ जानेवारी

चि. हार्लन यास आशीर्वाद. या वेळी रीत म्हणून नव्हे, पण हरखून जाऊ नकोस.

परवाना देणाऱ्या खात्याला मी कळवलं की नळीबद्दल मी बोलले ते चुकीचं होतं आणि तू बोललास ते खोटं. ते तुला पुन्हा बोलावतील. हाताबद्दलचा एक शब्दही मी मागे घेतलेला नाही. घेणार नाही.

भरल्या सभेत तू मला खोटं बोलू दिलंस. त्याहून मोठं म्हणजे, आईला माझ्यापासून वाचवायला तू त्या मादीला रोज पात्यांसमोर येऊ दिलंस. वेळीच सांगितलं असतंस तर तो नळ मी मुळासकट उपटला असता. तू म्हणशील, आणि आईलाही उपटून ओकालाला नेलं असतंस.

काल तू घरी नव्हतास तेव्हा मी तिकडे गेले. नळ काढला, पाइपाला बूच बसवलं. आई कोरडी नळी मांडीवर घेऊन धक्क्यावर बसली. मी शेजारी बसले. मादी आली. पिल्लूही होतं. धक्क्याला नाक लावून ती थांबली, किती तरी वेळ. आईने तिची माफी मागितली, माझ्याकडे बोट दाखवून. मग दोघं वळली आणि झऱ्याच्या दिशेला गेली.

त्या मादीची सवय सुटेपर्यंत मी रोज सकाळी आईजवळ बसणार आहे. दोरीपाशी पहाऱ्याला दुसरं कुणी बसेल. ओकालाची चित्रं आईने माझ्यासमोर चुलीत घातली, मी अडवलं नाही.

तुझ्याशी बोलायला येत नाही, तेव्हा कॉफी करू नकोस. लोभ मागत नाही. धक्क्यावर खुर्ची एकच आहे, दुसरी काढून ठेव.

व्हर्ना