खिडकी एक बोट उघडी

९ नोव्हेंबर

आलो एकदाचे. अझरू शहरापासून पुढे टॅक्सीत सहाजण, शामा माझ्या मांडीवर आणि पायाशी कुणाची तरी कोंबडी. प्रत्येक वळणाला शामा खिदळत होती, कोंबडी बिचारी गप्प होती. सफीहून, समुद्रकाठच्या तारली मासळीच्या वासातून उठून देवदारांच्या डोंगरातल्या शाळेत बदली झाली म्हटल्यावर लोक माझं सांत्वन करायला आले होते. सासूबाई म्हणाल्या, बतूल, तुला जायचं तर जा, पोर माझ्याकडे ठेव, सहा वर्षांची कोवळी पोर बर्फात टिकायची नाही. माझा नवरा गेल्यापासून त्यांना शामा हवी आहे. मी ऐकलं नाही. तेव्हा म्हणाल्या, बरं, पण एकदा जरी खोकली तर मी येऊन घेऊन जाईन. त्या बोलतात ते करतात, म्हणून हा हिवाळा मला निभवायलाच हवा.

घर झकास आहे. जाड दगडी भिंती, एकच ऐसपैस खोली, वर मातीचं धाबं. शाळेत मास्तरांना राहायला जागा नाही, म्हणून हेडमास्तरांनी लाल्ला हद्दाला, म्हणजे हद्दाबाईला, गळ घातली. ती शेजारच्याच दारात राहते, सत्तरीची, हनुवटीवर हिरवं गोंदण. खोली तीन वर्षं बंद होती म्हणे. चावी देताना तिने दोनच अटी घातल्या. धुराड्यावरच्या करकोच्याच्या घरट्याला हात लावायचा नाही, आणि चूल पेटलेली असताना खिडकी एक बोट उघडी ठेवायची. मी विचारलं, करंगळी की अंगठा? ती हसली नाही. पण मग शामाच्या हातात अक्रोड कोंबले आणि तिच्या केसांवरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

१४ नोव्हेंबर

शाळा आवडली. एकाच वर्गात तीन इयत्ता, आणि प्रत्येक मूल सकाळी एक लाकूड घेऊन येतं, वर्गातल्या चुलीसाठी. ती चूल कशी घुमते! आमची घरची मात्र रुसलेली आहे.

चूल पत्र्याची, चार पायांची, चांगली कंबरेएवढी. तिचा पाइप भिंतीतल्या जुन्या दगडी धुराड्यात जातो. पेटवली की पहिल्यांदा धूर दारातून माझ्याच तोंडावर येतो, आणि ज्वाळा पिवळ्या, मरगळलेल्या. धुराड्याला ओढच नाही. आधी मला वाटलं लाकूड ओलं. ओकचं लाकूड फोडून पाहिलं, आतून खरंच ओलसर होतं, तेव्हा हद्दाकडून दोन वर्षं वाळलेलं आणलं. फरक पडला, पण चवीपुरता.

आणि थंडी म्हणजे! खिडकीच्या फटीतून सुरी आत यावी तसा वारा येतो. जुन्या स्वेटरचे तुकडे करून फट बुजवून टाकली. डोंगरातल्या बायका काटक असतील, मी नाही.

२१ नोव्हेंबर

बास्सू पत्रेवाला येऊन गेला. गावातल्या सगळ्या चुली त्यानेच केलेल्या आहेत. त्याने पहिल्यांदा माझी बुजवलेली खिडकी पाहिली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, अहो बाई, चूल काय हवा खाते की तुमच्या चिंध्या? आत हवाच नाही आली तर धूर वर जाईल कशाच्या जोरावर? तोंड दाबून कुणाला शिट्टी वाजवता येते का?

स्वेटरचे तुकडे त्याने उपटून काढले. मग पाइपचे सांधे मातीने लिंपले, पाइपच्या वळणातली दोन टोपल्या काजळी काढली, आणि एक युक्ती शिकवली. चूल पेटवायच्या आधी कागदाचा बोळा पेटवून पाइपच्या तोंडाशी धरायचा. गार धुराडं आधी तापलं की मग ओढतं. शेवटी कान लावून पाइपवर ठोकत वरपर्यंत गेला. खाली पोकळ आवाज, वर धाब्याशी बद्द. ते घरटं, म्हणाला. अर्धं तोंड दाबलंय त्याने. काढतोस का, मी विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी त्याला मशीद पाडायला सांगितलं. करकोचा म्हणजे पक्षी होऊन आलेला दूरदेशीचा माणूसच, हे माझी आजीही सांगायची. पण माझ्या आजीच्या धुराड्यावर करकोचा नव्हता.

जाताना तो शामासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, दिसतो तो धूर नुसता डोळे चोळायला लावतो, पोरी. न दिसणारा माणसाला झोपवतो. खिडकीवर लक्ष ठेव हां. शामाने मोठ्या माणसासारखी मान हलवली.

१ डिसेंबर

रोज सकाळी डोकं ठणकतं. शाळेत पोचेपर्यंत जातं. काल फळ्यावर एकच गणित दोनदा लिहिलं आणि मुलं हसली. हल्ली विसरायला होतं, म्हणून चुलीचं सगळं इथे लिहून ठेवायचं ठरवलं आहे: कागद पेटवला, हो. राखेचं दार उघडं, हो. खिडकी एक बोट, हो.

संध्याकाळी पाहिलं तर खिडकी बंद होती.

शामा दोनदा खोकली. सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी तिला उशी तोंडावर धरायला सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली.

३ डिसेंबर

केलं. हद्दा बाजाराला गेली होती. शिडी लावून धाब्यावर चढले आणि बांबूने घरटं पाडलं. करकोचे ऑगस्टातच उडून जातात, घरटं रिकामं होतं, कुणाचा जीव गेला नाही. केवढा ढीग तो, गाडीभर काटक्या, चिंध्या, दोरीचे तुकडे, एक लहान मुलाचा लाल लोकरी मोजा. सगळं आत आणून चुलीत घातलं. मोजाही.

आणि चूल घुमली! पाइप लाल झाला. ज्वाळा अशा वर खेचल्या जात होत्या की झाकण थरथरत होतं. शामा आणि मी बाह्या वर करून मसूर खाल्ले, आणि कित्येक दिवसांनी पोर न खोकता झोपली.

५ डिसेंबर

हद्दा दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने फक्त सांगितलं. ही खोली तिच्या नातीची, इज्जाची. सात वर्षांची होती. तीन हिवाळ्यांपूर्वी तिला गार वाटत होतं म्हणून तिने उठून खिडकी लावली, आणि सकाळी उठलीच नाही. गाल मात्र गुलाबी होते, सगळ्यांना वाटलं झोपलीय. चाळिसावा दिवस झाल्यावर पहिला करकोचा आला. त्याने दोरीवर वाळत घातलेला इज्जाचा मोजा उचलला आणि धुराड्यावर घर बांधलं. दरवर्षी तिथेच येतो. मोजा कुठे आहे, असं तिने विचारलं.

मी खरं सांगितलं.

तिने दारातूनच चुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, अगं, तिचं वरचं घर तू मोडलंस, आता ती खाली येईल की नाही? तिला आधीच थंडी सोसत नाही. असं म्हणून गेली. तेव्हापासून तिचं दार बंद आहे. मी हाक मारली तरी उघडत नाही.

मी शिकलेली बाई आहे. पण म्हातारीचं काळीज मी जाळलं, हे खरंच आहे.

९ डिसेंबर

ओढ पुन्हा गेली. घरट्यातला कचरा आत पडला असणार, दुसरं काय? पण दुपारी पाइपमधून आवाज येतो. टकटकटक, चोच वाजवावी तसा. वर धाब्यावर काही नाही, मी दोनदा चढून पाहिलं.

खिडकी पुन्हा बंद. शामाला रागावले. ती म्हणाली, मी नाही, पण तिला गार वाटतं ना. कुणाला, विचारलं तर पाइपकडे बोट दाखवून हसली.

१२ डिसेंबर

बास्सू आला. धाब्यावरून दोरीला दगड बांधून धुराड्यात सोडला. हातभर जाऊन अडला. मऊ आहे काहीतरी, म्हणाला. त्याने दगड उचलून पुन्हा सोडला, तेव्हा खालून दोरी ओढली गेली. दोनदा. माझ्यासमोर.

चहा न पिता गेला. बास्सूने चहा सोडलेला गावात कुणी पाहिला नसेल. जाता जाता एवढंच म्हणाला, बाई, चूल विझवा आणि पोरीला घेऊन दुसरीकडे जा. पण बर्फाने रस्ता बंद झाला आहे, हेडमास्तर अझरूत अडकले आहेत, हद्दा दार उघडत नाही, आणि घरटं पाडल्यापासून गावात दुसरं कुणी आम्हाला घरात घेत नाही. चूल विझवली तर पहाटे पाणी गोठतं. अगदी छोटी पेटवते. खिडकी एक बोट, हो.

१५ डिसेंबर

बर्फ. शाळा बंद.

डोकं. जेवण जात नाही. शामाचे गाल गुलाबी, कधी नव्हे इतके.

खिडकी उघडली, हो. खिडकी उघडली, हो. खिडकी उघडली — हे तिसऱ्यांदा का लिहिते आहे? कारण तिसऱ्यांदा उघडली. मी खोलीतच होते. शामा माझ्या मांडीवर होती.

१६ डिसेंबर

शामा भाकरीचे दोन तुकडे करते. एक चुलीजवळ ठेवते. तिथे शेक लागतो म्हणे तिला.

सासूबाईंना फोन लावला. या आणि हिला घेऊन जा, असं सांगणार होते. मी हरले, न्या तुमची नात. फोन लागत नाही.

१७ डिसेंबर, सकाळ

शामा बर्फात खेळून आली. मोजे चिंब. पाइपवर वाळत घातले, दोन्ही. तिला अनवाणीच पांघरुणात घातलं. लिहून ठेवलेलं बरं.

चूल विझवायला घेतली. पाणी ओतलं. आतून धग येतेच आहे.

दुपार

मला झोप लागली होती बहुतेक. खिडकी बंद. फटीत स्वेटरचे तुकडे, ते मी फेकून दिले होते.

पाय उचलत नाहीत. टकटक आता पाइपमध्ये नाही. पांघरुणात —

पांघरुणाखाली दोन डोकी आहेत. दोघींचे गाल गुलाबी. दोघी मला पाठमोऱ्या. हाक मारली, कुणीच वळलं नाही. दोघींना उचलायची ताकद नाही माझ्यात. एकीलाच —

नंतर

बाहेर आले. उंबऱ्यावर बसून लिहिते आहे, नाहीतर विसरेन. शामाला बाहेर काढलं, हो. भिंतीकडची ती शामा. ती नेहमी भिंतीकडेच झोपते. हवा लागली की बरं वाटेल. हद्दाला हाका मारल्या, तिच्या दारामागे पावलं वाजली, येते आहे ती. देवा, येऊ दे तिला.

माझ्यामागे दार लागलं. वाऱ्याने असेल.

किती हलकी झाली आहे पोर. नीट जेवत नव्हती ना. शालीत गुंडाळली, डोकं माझ्या खांद्यावर. पाय बर्फासारखे, दोन्ही हातांत धरून चोळते आहे. एक अनवाणी. दुसऱ्यात मोजा आहे. लाल, लोकरी.

शामाचे मोजे पाइपवर आहेत. वर लिहिलं आहे मी. दोन्ही. मग आत राहिली ती