घर पडकं असल्याबाबत

४ ऑगस्ट, सोमवार
मनपाची नोटीस आली. आपल्या घराचं वार्षिक करयोग्य मूल्य नऊ हजार सातशे वीस होतं, ते एक्केचाळीस हजार तीनशे दहा केलं. टॅक्स चौपट. हरकत असल्यास एकवीस दिवसांत लेखी द्यावी.
हरकत आहे.
वच्छला म्हणाली, "भरून टाका न. इतके वर्स कमीच तर भरला." बायकोला प्रशासन कळत नाही. मी जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या हरकती फाइलला लावल्या. हरकत कशी लिहू नये हे माझ्याइतकं अमरावतीत कोणाला माहीत नसेल.
संकल्प : उद्यापासून पहाटे पाचला उठणे. एक तास नियमांचा अभ्यास. चहा दिवसातून एकदाच.

५ ऑगस्ट, सकाळी ८.१०
अलार्म वाजला असावा. पाऊस होता, ऐकू आला नसेल. चहा दोनदा.

७ ऑगस्ट
झोन ऑफिसला गेलो. तिथे संध्या मॅडम म्हणून आहेत, वय तिशीचं. त्यांना विचारलं, माझं घर एक्केचाळीस हजारांचं कसं? त्या म्हणाल्या, काका, ही घराची किंमत नाही. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल याचा अंदाज, त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा. त्यावर टॅक्स लागतो. घर विकताना काय येईल तो हिशोब वेगळा. बाजारभाव वाढला की हा आकडा तसाच वाढतो असंही नाही, पण तुमचा फार जुना होता.
मला हे माहीतच होतं. त्यांना माहीत आहे का ते पाहत होतो.
पण एक मुद्दा हाताला लागला. बांधकाम जुनं आणि मोडकळीस आलेलं असेल तर आकडा कमी होऊ शकतो. येताना गिला वडा खाल्ला. दोन प्लेट, डोक्याचं काम असल्यामुळे.

१० ऑगस्ट, रविवार
अकोल्याहून पुंजारामचा फोन. धाकटा भाऊ. डाळमिलमध्ये फिटर होता, आता घरीच असतो. १९९१ साली हा साईनगरचा प्लॉट आम्ही दोघांनी मिळून घेतला, घरही मिळून बांधलं. कागदावर दोघांची नावं. त्याची नोकरी तिकडे, म्हणून तो तिकडे राहिला आणि घर मी सांभाळलं. सांभाळण्याचा मोबदला मी कधी मागितला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.
त्याला अकोल्यात डाबकी रोडच्या घरावर एक खोली चढवायची आहे. म्हणाला, "दादा, माह्या हिश्शाचं काही पाय बरं. तुले जमन तसं." मी म्हटलं, व्हॅल्युएशन चालू आहे, ऑफिशियल. त्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही.
माझ्या मनात दोन लाख आहेत. मनपाच्या आकड्याकडे पाहिलं तर पुष्कळच झाले.

१४ ऑगस्ट
कुंदन ब्रोकरला बोलावलं होतं. केवळ माहितीसाठी. त्याला भिंती ठोकून दाखवल्या. नऊ इंची, एकाही भिंतीला तडा नाही, काळ्या मातीतलं घर असूनही. त्याने साठ लाख सांगितले. मी म्हटलं, बहात्तरच्या खाली बोलू नको. तो हसला आणि म्हणाला, "काका, साठ बी लोकेशनचे येऊन राहिले."
वच्छला आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "साठातले तीस भावजींचे न?" मी म्हटलं, बाजारभाव हवेतला असतो. आज आहे, उद्या नाही. मनपाचा आकडा लेखी असतो.
ती कप उचलून आत गेली. पटलं असावं.

१८ ऑगस्ट
हरकत अर्ज पूर्ण. विषय : घर पडकं असल्याबाबत. चार पानं. पश्चिमेची भिंत पायापासून तडकली असून केव्हा कोसळेल सांगता येत नाही. स्लॅब गळतो. रात्री सळया वाजतात. सदर घरात अर्जदार व त्याची पत्नी जीव मुठीत धरून राहतात. वरच्या मजल्यावर फक्त अडगळ.
शेवटचं पान लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. लेखणीत ताकद आहे. ती नोकरीत वाया गेली.
वर सीमा भाड्यानं राहते. नर्स आहे, अडगळ नाही. पण वरच्या खोल्यांची मनपाकडे नोंदच नाही. नसलेल्या खोल्यांत कोण राहतं हा प्रश्न कायद्यानं उद्भवत नाही.

१९ ऑगस्ट
अर्ज दिला, पोच घेतली. चारही पानांचे फोटो पुंजारामला व्हॉट्सॲप केले. खाली लिहिलं : माहितीस्तव. आता त्याला दोन लाख ऐकून धक्का बसणार नाही. उलट आनंद होईल.
निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.

२ सप्टेंबर
पुंजारामचं अजून उत्तर नाही. भावनाप्रधान माणूस.
पहाटे उठण्याचा संकल्प दिवाळीनंतर पाहू.

३ सप्टेंबर, दुपारी ३
संध्या मॅडम टेप घेऊन आल्या. पाहणी. पश्चिमेच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. तडा कुठे आहे, काका? मी म्हटलं, बारीक आहे, हात फिरवला तर लागतो. त्यांनी हात फिरवला. तो कॅलेंडरच्या खिळ्याचा पोपडा निघाला.
मग वरून सीमा उतरली. मॅडमना पाहून म्हणाली, या न ताई, वर या, चहा ठेवते. वरून टेप ओढल्याचा आवाज येत होता. मी खाली बसून ऐकत होतो. सीमानं भाडं विचारल्यावर सांगितलं : साडेचार हजार, दर महिन्याच्या पाच तारखेला, कधी चुकलं नाही. वर म्हणाली, घर फार मजबूत आहे, उन्हाळ्यातसुद्धा थंड राहतं.
चांगल्या मुलीत हाच दोष असतो.

१२ सप्टेंबर
सुनावणी. तत्त्वाचा विजय झाला. बांधकाम जुनं असल्याचं मान्य करून खालच्या मजल्याला दहा टक्के सूट दिली. पडझडीबद्दलचा बाकी मजकूर नामंजूर.
वरचा मजला नव्यानं नोंदला. भाड्याचा. टॅक्स आता पंचवीस हजार सातशे चौतीस.
हरकत घेतली नसती तर साधारण निम्मा आला असता, असं वच्छलाचं म्हणणं. तिनं हे एकदाच म्हटलं. तेवढं पुरलं.

१४ सप्टेंबर, रविवार
पुंजाराम अचानक आला. न सांगता, सकाळच्या गाडीनं. आल्या आल्या पश्चिमेच्या खोलीत गेला. वच्छलाचा पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला. एकट्यानं. गुडघा दुखतो त्याचा. मग बसला आणि म्हणाला, "दादा, मले काई नको. मी माहा हिस्सा सोडतो. तू त्या पैशात घर नीट कर. वहिनीले असं नको ठेवू."
मी विचारलं, तुझ्या अकोल्याच्या खोलीचं काय? म्हणाला, "आमचं कसंबी होऊन जाते."
मनपानं माझ्या अर्जातली एक ओळ धरली. पुंजारामनं चारही पानं धरली.
मी नाही म्हणणार होतो. पण त्याच्या मनाला लागलं असतं. म्हटलं, बरं, तुझी इच्छा.
वच्छला जेवायला वाढताना त्याच्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडेही.

१५ सप्टेंबर
झोप नीट नाही. टॅक्सच्या विचारानं.

१८ सप्टेंबर
वच्छला म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?" मी म्हटलं, कागद होऊ दे, मग सवडीनं समजावतो. आधी सांगितलं तर गोंधळेल. शिवाय त्याला दोन लाख मी देणारच आहे, आपखुशीनं. निदान एक.

२४ सप्टेंबर, बुधवार
रजिस्ट्री ऑफिस. हक्कसोड पत्रासाठी पुंजाराम अकोल्याहून आला. इस्त्रीचा शर्ट. वच्छलासाठी पिशवीत तुरीची डाळ.
मला वाटलं होतं, दोनशेच्या स्टॅम्पवर काम होईल. दस्त लिहिणारा म्हणाला, वडिलोपार्जित असतं तर झालं असतं. हे तुम्ही दोघांनी विकत घेतलेलं, तर सोडलेल्या हिश्शाच्या सरकारी बाजारमूल्यावर ड्युटी बसेल. त्यानं कॉम्प्युटरवर काढलं आणि मोठ्यानं वाचलं. निम्मा हिस्सा, सव्वीस लाख.
पुंजाराम म्हणाला, परत वाचा. त्यानं परत वाचलं.
"पडक्या घराचे?"
मी समजावलं. हा सरकारी आकडा. मनपाचा वेगळा, बाजाराचा वेगळा. तो म्हणाला, बाजाराचा किती? तेव्हा दस्त लिहिणाराच म्हणाला, साईनगरात न, याच्या वरच जाईल.
पुंजाराम पंख्याखाली जाऊन बसला. मग म्हणाला, "तू लिहिलं होतं, भित कवा पडन सांगता येत नाई. मी तवापासून नीट झोपलो नाई, दादा. ते कोनासाठी लिहिलं होतं?"
मनपासाठी.
"मंग मले काहून धाडलं?"
याचं उत्तर माझ्याकडे होतं. सविस्तर होतं. पण आमचा टोकन नंबर पुकारला आणि राहून गेलं.
तो खिडकीकडे आला नाही. आधार कार्ड खिशात ठेवलं, पिशवी माझ्या हातात दिली. डाळ वहिनीले दे म्हणाला. मी म्हटलं, जेवून जा. गाडी हाय, म्हणाला. त्याला तासाभराने गाडी होती, हे मला माहीत आहे.

२७ सप्टेंबर
त्याला मेसेज केला. तीन परिच्छेद. निळ्या खुणा आल्या. मग पाहिलं तर त्यात 'गैरसमज' हा शब्द पाच वेळा आलाय. माझी चूक कुठेच आलेली नाही. लांबी जास्त झाल्यानं राहिली असेल.

२९ सप्टेंबर
कुंदनला फोन करून सांगितलं, सध्या विकायचं नाही. वच्छलाला म्हटलं, तीस लाख एकदम कुठून आणायचे? ती म्हणाली, "एकदम कोन मागून राहिलं? सीमाचं भाडं दर महिन्याले भावजीले धाडा. आजपासून." मी म्हटलं, विचार करतो.

१ ऑक्टोबर, बुधवार
टॅक्स भरला. पंचवीस हजार सातशे चौतीस, पूर्ण. पाच टक्के सवलतीची मुदत कालच संपली. पावतीवर आम्हा दोघा भावांची नावं छापलेली.
तिथून बँकेत गेलो. साडेचार हजार पुंजारामच्या खात्यावर टाकले. हे विचाराअंती, कोणाच्या सांगण्यावरून नाही.
संध्याकाळी त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग वच्छलानं तिच्या फोनवरून लावला, दुसऱ्या रिंगला उचलला. त्याचा गुडघा, अकोल्याचं पाणी, उद्या दसरा, डाळ कशी शिजली. अर्धा तास बोलले. मी शेजारच्या खुर्चीतच होतो. पैसे मिळाले का ते तिनं विचारलं, हो म्हणाला असावा.
माझं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही. फोन ठेवून ती कणीक मळायला गेली.